बाळाचा कान



दोन वर्षांचं पोर 'गाडी'ला 'गाली' म्हणतं. कौतुकानं आपणही 'गाली आली' म्हणावं, तर ते चिडतं. 'गाली नाही, गाली!' जिभेला 'ड' जमत नाही, पण कानाला तो पक्का ठाऊक असतो.

हा कान किती आधी तयार होतो? १९७१ मध्ये अमेरिकेत पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. जोरात चोखलं की 'बा' ऐकू यायचं. तेच ते ऐकून बाळ कंटाळलं, चोखणं मंदावलं, की 'पा' लावायचा. बाळ पुन्हा जोरात चोखू लागे! म्हणजे फरक कळला. भाषेचे ध्वनी ओळखण्याची माणसाची उपजत शक्ती सापडली, असं अनेकांना वाटलं. पण चारच वर्षांनी चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याला शिकवून पाहिलं, तर त्यानंही 'ट' आणि 'ड' यांच्यातली सीमा जवळपास माणसासारखीच ओळखली. तेव्हा उपजत म्हणजे खास माणसाचंच, असं म्हणायची घाई नको.

मला यापेक्षा नवल वाटतं ते पुढच्या कामाचं. कॅनडातल्या जॅनेट वर्कर यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलला की बाळानं मान वळवायची. वळवली की डब्यातलं खेळणं उजळून हलू लागे. सहा-आठ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवत. दहा-बारा महिन्यांची बाळं ढिम्म! त्याच वयाच्या हिंदीभाषक बाळांना मात्र फरक कळत होता. घरात जे कानावर पडत नाही, त्याकडे कान वर्षाच्या आतच पाठ फिरवतो. सिनेमातला गोरा साहेब 'तुम'ला 'टुम' म्हणतो, ती केवळ थट्टा नव्हे.

मग परक्या भाषेचं ध्वनिमुद्रण घरात लावून ठेवलं तर? अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी तेही पाहिलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांनी गोष्टी वाचल्या. बारा बैठकींत ती बाळं चिनी ध्वनींमधला फरक ओळखू लागली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर पाहिलेल्या बाळांना त्यातलं काहीच आलं नाही. नुसतं रेकॉर्डिंग ऐकलेल्यांनाही नाही. रेडिओवरून हे सांगताना थोडं ओशाळल्यासारखं होतं खरं!