डोहाळजेवणाच्या आधी

सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो. ओटी भरतो, गर्भारशीला आवडीचं खाऊ घालतो. मला हा सोहळा मनापासून आवडतो. पण मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे एक शंका येतेच: हे ताट जरा उशिरा तर येत नाही ना?

आईच्या जेवणानं बाळाची जनुकं बदलत नाहीत. बदलू शकतो तो त्यांचा कारभार. बोरिवली लोकलचे रूळ तेच, पण गाडी सुटणार की थांबणार हे सिग्नल ठरवतो. जनुकांवर चिकटणारे मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट हा तसाच एक सिग्नल. त्यासाठी शरीराला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात. पहिलं पालेभाज्यांतून मिळतं, दुसरं दूध, अंडी, मासे यांतून. आणि या खुणांची मोठी पुसापुशी नि नवी मांडणी होते गर्भ राहिल्यावर पहिल्या काही दिवसांत, म्हणजे बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून जवळच्या गावांतल्या माता नि मुलांचा अभ्यास करत आले. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. (म्हणून फोलिक आम्लाची गोळी सोडू नका हं, तिचं काम मोठं आहे. बी-१२ चं डॉक्टरांना विचारा.)

आणि आपल्या उपनगरात? वांद्रे ते अंधेरीच्या वस्त्यांत २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज एक खाऊ दिला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. बाकीच्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. एकंदरीत बाळांच्या वजनात फारसा फरक नव्हता. पण तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती, आणि गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. फार कृश स्त्रियांच्या बाळांना मात्र वजनाचा लाभ झाला नाही, हे मला सर्वांत बोचतं. पुढे याच मुलांच्या जनुकांवरच्या खुणा तपासल्या, तेव्हा गांबिया देशातल्या अशाच मुलांइतका ठळक फरक इथे दिसला नाही. विज्ञान असंच चालतं, हवं ते उत्तर लगेच हाती देत नाही.

एक बारीकशी गोष्ट सांगते. तो खाऊ बायकांनी केंद्रावर येऊन, कार्यकर्तीसमोर खायचा होता. घरी नेला असता तर कुणाच्या ताटात गेला असता, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको.