राजपाकशाळा आणि आपली चूल
(मंडळाच्या शिरवळ येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शिरवळचा सुभानमंगळ इ. स. १६४८ मध्ये फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी गाजला, हे येथील मुलांस ठाऊक असते. परंतु ज्या शिदोरीवर मावळा लढला, तिचा विचार क्वचितच होतो.

मराठ्यांचे अन्न राजवाड्यात जन्मले नाही. कोरडवाहू रानातील ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळीचे कालवण आणि कांदा हाच त्याचा पाया होय. ज्या मिरचीवाचून आज आपणांस घास उतरत नाही, ती मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती किनाऱ्यास लागली व हळूहळू घाट चढली. तत्पूर्वी तिखटाचे काम मिरे करीत. भुईमूगही त्याच खंडातला. तेव्हा ‘आपला मसाला’ म्हणून मिरविताना त्यातील परमुलखाचा वाटा विसरू नये.

हीच चूल व्यंकोजीराजांबरोबर तंजावरास गेली आणि तेथील चिंच, नारळ, तांदूळ यांच्याशी तिची सोयरीक जमली. सांबारास संभाजीराजांचे नाव जोडणारी एक आख्यायिका आहे. ती गोड असली तरी तीस पुरावा मानता येत नाही. पुरावा आहे तो ग्रंथांचा. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ रचिले. त्यांस व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय होता. पुढे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या पदरी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत सिद्ध झाले. त्यात आपल्या पदार्थांशेजारी इंग्रजी पदार्थांसही स्थान मिळाले.

तंजावरकरांनी लिहून ठेविले म्हणून ते टिकले. आपण मात्र सारे ‘हाताच्या अंदाजावर’ सोडिले. आज महामार्गालगतच्या कारखान्यांत आपली मुले-मुली पाळ्यांवर जातात. मसाला पुडीतून येतो आणि लग्नाची पंगत कंत्राटदार उठवितो. यात दोष कोणाचाच नाही. परंतु काळ्या मसाल्यात धणे किती, खोबरे किती, दगडफूल केव्हा भाजावे, हे सांगणाऱ्या आजीबाई घरोघरी आता एखाददुसऱ्याच उरल्या आहेत. त्या गेल्या की ग्रंथच जळाला म्हणावयाचे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की प्रत्येक घराने एका वहीत, मापासह, निदान पाच पदार्थ लिहावेत. हे काम मुलींवरच न सोपविता मुलांनीही आजीजवळ बसावे. मंडळाने ती टिपणे पुढील स्मरणिकेत छापावीत. राजांस जे सुचले, ते रयतेस अशक्य नाही.