पाण्याचा हिशेब आणि परिचारिकेची नोंद

(परिचारिका दिनाच्या समारंभात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



12 मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. 1820 साली जन्मलेल्या या सेवाव्रतीने क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु लष्करी रुग्णालयांतील मृत्यूंच्या नोंदी पद्धतशीर मांडून त्यांनी सुधारणांचा आग्रह धरला, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. आज आम्ही बोलणार आहोत ते नोंदीविषयीच. विषय आहे मूत्रपिंडाच्या रुग्णांची शुश्रूषा.

आम्ही वाणिज्य शाखेतून या क्षेत्रात आलो. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद ही आमची भाषा. वैद्यकशास्त्राचा अधिकार आम्हास नाही. तरीही इतक्या वर्षांच्या सहवासात एक गोष्ट उमगली, की रुग्णालयातील सर्वांत मोलाची हिशेबवही लेखा विभागात नसते. ती रुग्णाच्या खाटेशी टांगलेली असते. तिला आपण ‘इनटेक-आउटपुट चार्ट’ म्हणतो.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व शरीरास परत करून जेमतेम दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. हा व्यवहार बिघडला, म्हणजे तो माणसाला बाहेरून सांभाळावा लागतो. बिघाड दोन्ही बाजूंनी होतो. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी शुष्क झालेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना पाणी कमी पडते. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे आणि शेतात घोणस चावलेले रुग्ण येतात, त्यांची मूत्रपिंडे एकाएकी काम थांबवू शकतात. याउलट मधुमेहाने वा रक्तदाबाने मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णाच्या अंगात पाणी साठत जाते. एकाला सलाईन न मिळाल्याने धोका, तर दुसऱ्याला तीच बाटली जास्त झाल्याने. किती द्यावे, हे डॉक्टर ठरवितात. परंतु तो निर्णय ज्या आकड्यांवर उभा असतो, ते आकडे परिचारिका लिहिते.

हे लिहिणे वाटते तितके सोपे नाही. ‘पाणी’ म्हणजे केवळ तांब्यातले पाणी नव्हे. चहा, ताक, पेज, आमटी, गोळीबरोबरचा घोट, तोंडात धरलेला बर्फाचा खडा आणि प्रतिजैविकाची 100 मिलिलिटरची बाटली, हे सारे जमेच्या बाजूस येते. खर्चाच्या बाजूस लघवी, उलटी, जुलाब, नळीवाटे निघणारे पाणी आणि मोजता न येणारे घाम-श्वासावाटे जाणारे सुमारे अर्धा लिटर. पाण्यावर बंधन असलेल्या रुग्णास साधारणतः आदल्या दिवशीच्या लघवीएवढे अधिक 500 मिलिलिटर पाणी दिले जाते, ते याच हिशेबाने. साठ किलो वजनाच्या रुग्णाची लघवी सलग सहा तास ताशी 30 मिलिलिटरच्या खाली राहिली, तर डॉक्टरांना कळविण्यासाठी सकाळच्या फेरीची वाट पाहता येत नाही.

कोणत्याही हिशेबाची पडताळणी लागते. येथे ती वजनकाट्यावर होते. रोज सकाळी, न्याहारीपूर्वी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर आणि तशाच कपड्यांत घेतलेले वजन. एका दिवसात एक किलो वाढले, तर ते मांस नव्हे, अंगात राहिलेले एक लिटर पाणी होय. काट्याच्या जोडीला परिचारिकेची नजर असते. पायावर अंगठा दाबला की खळगा राहतो का. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची सूज पायांऐवजी माकडहाडाजवळ उतरली आहे का. काल एका उशीवर झोपणाऱ्यास आज तीन उशा का लागतात. सुजलेली त्वचा लवकर फाटते, म्हणून कूस बदलणे आलेच. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावरील फिस्टुलाची थरथर प्रत्येक पाळीत बोटांनी पाहावी लागते. त्या हातावर रक्तदाब घ्यायचा नाही आणि सुई टोचायची नाही, हे नव्या सहकाऱ्यास पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

याखेरीज नातेवाइकांची समजूत घालण्याचे अवघड काम आहे. आजाऱ्यास भेटायला जाताना शहाळे न्यावे, ही आपल्याकडची रीत. त्यामागचे प्रेम खरेच असते. परंतु शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ असते, आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ते वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. ‘पाणी पिऊ नका’ एवढेच सांगून तहान भागत नाही. लोणचे-पापड बंद केले तर तहान मुळातच कमी लागते. चूळ भरून टाकली, लहान पेल्यातून घोट घोट घेतले, दिवसाचे पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवले, तर रुग्णास बंधन सोसवते. हे सारे आमच्या परिचारिका रुग्णाच्या बोलीत समजावून सांगतात.

आता एक अप्रिय प्रसंग सांगणे आमचे कर्तव्य आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मूत्रपिंडविकाराचे एक शेतमजूर आमच्या सर्वसाधारण कक्षात दाखल होते. चार दिवस त्यांचा चार्ट अगदी जुळत होता. दिवसाला एक लिटर आत, अर्धा लिटर लघवी, उरलेले घामाश्वासावाटे. चौथ्या रात्री त्यांना एकाएकी दम लागला. पडून राहता येईना. पहाटे डायलिसिससाठी नेले, तेव्हा तेथील काट्यावर वजन साडेतीन किलोंनी वाढलेले आढळले. प्रतिजैविकांच्या बाटल्या आणि घरून आलेली आमटी-चहा कोठेही लिहिलेली नव्हती. कित्येक आकडे अंदाजाने भरलेले होते. सुदैवाने ते गृहस्थ बचावले.

प्रथम सर्वांचे बोट रात्रपाळीच्या परिचारिकेकडे गेले. चौकशीअंती जे दिसले, ते आमच्यासाठी लाजिरवाणे होते. त्या रात्री तिच्याकडे दोन कक्ष होते, कारण रिक्त जागा भरणे आम्ही खर्चाच्या कारणास्तव लांबविले होते. कक्षातील वजनकाटा बंद होता, आणि त्याच्या दुरुस्तीचा अधिसेविकांचा अर्ज तीन आठवडे आमच्याच टेबलावर मंजुरीची वाट पाहत पडून होता. ताळेबंदात ती बचत म्हणून दिसली असती. प्रत्यक्षात तो खर्च एका माणसाच्या छातीत साठत होता. त्या भगिनीची आम्ही माफी मागितली. आज सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.

त्यानंतर काही बदल केले. प्रत्येक कक्षास स्वतंत्र काटा दिला. मूत्रपिंडाचे रुग्ण असलेल्या कक्षात रात्री एका परिचारिकेकडे दुसरा कक्ष सोपविला जात नाही. खाटेजवळ खुणांचा पेला ठेवला, जेणेकरून नातेवाईकही लिहून ठेवू शकतील. आणि एक नियम लेखी दिला: जे मोजले नाही, ते अंदाजाने लिहू नये, ‘मोजले नाही’ असेच लिहावे. अशा नोंदीबद्दल कोणासही शिक्षा होणार नाही. रिकामी जागा आम्हास आमची उणीव दाखविते. खोटा आकडा ती झाकतो.

देणगीदारांना एक विनंती. यंत्रासाठी देणगी सहज मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. डायलिसिसचे यंत्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास रुग्णाच्या सोबतीस असते. उरलेले सर्व तास परिचारिकेचे असतात. तिच्या वेतनासाठी व प्रशिक्षणासाठी दिलेल्या रुपयावर पाटी लागणार नाही. मात्र त्याची नोंद रोज सकाळी कुणा रुग्णाच्या चार्टवर होईल.

परिचारिका सहकाऱ्यांनो, आमच्या हिशेबाची तपासणी वर्षातून एकदा लेखापरीक्षक करतात. तुमच्या हिशेबाची तपासणी रुग्णाचा प्रत्येक श्वास करीत असतो. इतकी कठोर तपासणी तुम्ही रोज देता, याबद्दल संस्थेच्या वतीने आम्ही तुमचे ऋण व्यक्त करतो. काटा बंद पडला, माणूस कमी पडला, तर आमचे दार ठोठवा. पुन्हा तीन आठवडे लागणार नाहीत, एवढे वचन देऊन आपली रजा घेतो.