बैठकीचे नियोजन : निर्णयाची पूर्वतयारी

(प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

सरकारी कार्यालयात काम घेऊन गेलेल्या नागरिकाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : 'साहेब मीटिंगला गेले आहेत.' हा नागरिक दिवसाची मजुरी बुडवून आणि बसचे भाडे खर्चून आलेला असतो. तो निमूटपणे परत जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आपल्या बैठकांची किंमत सर्वप्रथम तो मोजतो. आज बैठकांच्या नियोजनाविषयी बोलताना तो माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ही किंमत साध्या अंकगणितानेही काढता येते. जिल्ह्याच्या आढावा बैठकीला 40 अधिकारी तीन तास बसले, तर 120 तास खर्ची पडतात. आठ तासांचा दिवस धरला, तर हे एका कर्मचाऱ्याचे 15 दिवसांचे काम झाले. प्रवासाचा आणि माहितीचे तक्ते भरण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. एवढा खर्च करून आपण नेमके काय मिळवले, हा प्रश्न बैठक संपल्यावर सहसा कोणी विचारत नाही.

एका पाणीयोजनेचा धडा

माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. तालुक्याच्या मासिक आढावा बैठकीचे अध्यक्षपद तेव्हा माझ्याकडे होते. एका गावची नळपाणीपुरवठा योजना बांधून पूर्ण झाली होती. विहीर, टाकी, जलवाहिनी, सारे तयार होते. फक्त पंपाला वीजजोडणी नव्हती. सलग सात बैठकांत या विषयापुढे एकच शेरा पडला : 'कार्यवाही सुरू आहे.' मी तो वाचत होतो आणि पुढच्या विषयाकडे वळत होतो.

आठव्या बैठकीत मागच्या रांगेत बसलेल्या कनिष्ठ अभियंत्याला मी सहज विचारले, की जोडणी नेमकी कशासाठी अडली आहे? तो म्हणाला, 'साहेब, अनामत रक्कम भरलेली नाही. आम्हाला वाटले ग्रामपंचायत भरेल, ग्रामपंचायतीला वाटले आम्ही भरू.' वीज कार्यालयाच्या प्रतिनिधीला आम्ही एकदाही बोलावले नव्हते. रक्कम कोणी भरायची, हे ठरायला दहा मिनिटे पुरली. ती दहा मिनिटे सापडेपर्यंत सात महिने गेले होते आणि त्या गावच्या बायका तोवर डोक्यावरून पाणी वाहत होत्या. बैठका नियमित झाल्या होत्या आणि उपस्थितीही चांगली होती. उणीव पूर्वतयारीची होती, आणि ती माझी होती.

आधी प्रश्न, मग बैठक

या अनुभवानंतर मी एक नियम स्वतःला घालून घेतला. विषयपत्रिकेवरील प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात लिहायचा. 'पाणीपुरवठा योजनांचा आढावा' असे लिहिले, की उत्तरादाखल तक्ता वाचला जातो. 'अमुक योजनेची अनामत रक्कम कोणी आणि कधीपर्यंत भरायची?' असे लिहिले, की निर्णय द्यावा लागतो. शिवाय कोणाला बोलवायचे, हेही त्या प्रश्नातूनच कळते : ज्याच्याकडे माहिती आहे तो, ज्याला निर्णयाचा अधिकार आहे तो आणि ज्याला अंमलबजावणी करायची आहे तो. इतरांना इतिवृत्त पाठवले तरी पुरते.

जिथे असा प्रश्नच तयार होत नाही, तिथे बैठकीची गरज नसते. केवळ आकडे गोळा करायचे असतील, तर ते लेखी मागवावेत.

सात दिवसांची शिस्त

पूर्वतयारीसाठी किती अवधी द्यावा, याचे दोन दाखले पाहण्यासारखे आहेत. कंपनी कायदा, 2013 नुसार संचालक मंडळाच्या बैठकीची लेखी सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. मार्च 2015 मध्ये केंद्र सरकारने 'प्रगती' ही आढावा व्यवस्था सुरू केली. तीत पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीद्वारे केंद्रीय सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव यांच्याशी रखडलेल्या प्रकल्पांविषयी बोलतात. तिची जी कार्यपद्धती ठरवण्यात आली, तीत चर्चेचे विषय सात दिवस आधी संगणक प्रणालीवर ठेवायचे आणि संबंधित सचिवांनी तीन दिवसांत आपले म्हणणे नोंदवायचे, असा क्रम आहे. पुष्कळशा अडचणींचे उत्तर बैठकीपूर्वीच मिळावे, हा या क्रमाचा खरा लाभ आहे. तालुक्याच्या बैठकीलाही तो लागू पडतो. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक विषयावरची एक पानी टिपणी पुरे होते.

विषयांचा क्रम आणि दबलेले आवाज

ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात एका काल्पनिक समितीचे वर्णन केले आहे. ती समिती अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालते. अणुभट्टी कोणाला कळत नाही. छपरावर मात्र प्रत्येकाला मत असते. आपल्याकडे हीच गत 'ऐनवेळच्या विषयां'ची होते. म्हणून सर्वांत कठीण विषय प्रारंभी, मने ताजी असताना घ्यावा आणि प्रत्येक विषयापुढे त्याचा वेळ लिहावा.

बैठकीत सर्वांत कमी बोलणाऱ्याकडेच पुष्कळदा नेमकी माहिती असते. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. भरसभेत जे बोलले जात नाही, ते आधी ऐकून घ्यावे, हे शहाणपण त्यामागे आहे. कार्यालयीन बैठकीतही कनिष्ठांना आधी बोलू द्यावे आणि अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे. साहेबांचे मत एकदा कळले, की वेगळे मत मांडायला सहसा कोणी धजत नाही.

'संबंधित' म्हणजे कोण?

आपल्या इतिवृत्तांत एक वाक्य वारंवार आढळते : 'संबंधितांनी तातडीने कार्यवाही करावी.' या वाक्यातल्या संबंधिताला चेहरा नसतो आणि तातडीला तारीख नसते. इतिवृत्त एका पानाचे असले तरी चालेल. पण त्यात प्रत्येक निर्णयापुढे एका अधिकाऱ्याचे पदनाम आणि एक तारीख असलीच पाहिजे. ते दोन दिवसांत सर्वांच्या हाती पडावे. पुढच्या बैठकीचा आरंभ त्याच्याच अनुपालनाने व्हावा. ज्या विषयापुढे लागोपाठ दोनदा 'कार्यवाही सुरू आहे' असा शेरा येईल, तिथे अध्यक्षांनी थांबावे आणि अडचण नेमकी कुठे आहे, ते विचारावे. मी सातदा थांबलो नाही.

मित्रहो, उद्या तुम्ही आपापल्या कार्यालयात परत जाल. पुढच्या बैठकीच्या सूचनेवर सही करण्यापूर्वी दाराबाहेर बसलेल्या माणसाकडे एकदा पाहा. त्याला ताटकळत ठेवून आपण जे ठरवणार आहोत, ते एका वाक्यात त्याला सांगता येईल का, हे स्वतःला विचारा. सांगता येत असेल, तर बैठक अवश्य घ्या. येत नसेल, तर तो वेळ त्या माणसाला द्या.