कुंभारांच्या शहराचे मानकरी



इंग्लंडच्या मध्यभागीं, स्टॅफर्डशायर परगण्यांत, स्टोक-ऑन-ट्रेंट नांवाचें शहर आहे. चिनी मातीचीं भांडीं हीच त्याची जगांतील मुख्य ओळख. जोशिया वेजवुड यानें १७५९ सालीं आपला कारखाना याच भागांत, बर्स्लेम येथें काढला. १९१० सालीं बर्स्लेम, हॅन्ले, स्टोक वगैरे सहा नगरें एकत्र झालीं आणि १९२५ सालीं त्यांस शहराचा दर्जा मिळाला. भट्टीच्या धुरांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या या वस्तीनें क्रीडा आणि रंजन या क्षेत्रांतहि मोठीं माणसें दिलीं. परंतु अशा माणसावर त्याच्या गांवाचा हक्क किती, हा प्रश्न या शहराला एकदां फार तीव्रतेनें पडला होता.

स्टॅन्ली मॅथ्यूज याचा जन्म १९१५ सालीं हॅन्ले येथें एका न्हाव्याच्या घरीं झाला. बाप मुष्टियोद्धाहि होता. मुलाला पहाटे उठून व्यायाम करण्याची शिस्त त्यानेंच लावली. सतराव्या वर्षीं स्टॅन्ली स्टोक सिटी संघाचा धंदेवाईक फुटबॉलपटु झाला. १९३८ सालीं तो संघ सोडणार अशी वार्ता पसरतांच शहरांत सभा भरली. सुमारें ३,००० माणसें जमलीं व त्याला जाऊं देतां कामा नये, असा एकच आग्रह त्यांनीं धरला. तो राहिला, परंतु १९४७ सालीं ११,५०० पौंडांच्या मोबदल्यांत तो ब्लॅकपूल संघाकडे गेलाच.

ब्लॅकपूलनें १९५३ चा एफ्. ए. कप १-३ अशा पिछाडीवरून ४-३ असा जिंकला. तीन गोल मॉर्टेन्सननें केले. तरी तो अंतिम सामना मॅथ्यूजच्या नांवानेंच ओळखला जातो. १९६१ सालीं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं, तो आपण होऊन स्टोकला परतला. आदल्या घरच्या सामन्यास ८,४०९ प्रेक्षक होते. तो उतरला त्या दिवशीं ३५,९७४ लोटले. दोन वर्षांत संघ वरच्या श्रेणींत चढला. १९६५ सालीं त्याला ‘सर’ हा किताब मिळाला, तेव्हां तो अजून खेळतच होता. शेवटचा लीग सामना तो पन्नाशी ओलांडून खेळला.

बर्स्लेमचा फिल टेलर हा चिनी मातीच्या कारखान्यांतील कामगार. फळीवर हातानें लहान बाण मारण्याच्या डार्ट्स या खेळांत त्याचा हात बसलेला पाहून विश्वविजेता एरिक ब्रिस्टो यानें त्याला पैसे उसने दिले. अट एकच, नोकरी सोडून पूर्ण वेळ सराव करावा. १९९० सालीं जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत शिष्यानें गुरूला ६-१ असें हरविलें. ‘शिष्यादिच्छेत् पराजयम्’ हें वचन येथें अक्षरशः खरें झालें. पुढें टेलरनें हें पद एकूण सोळा वेळां मिळविलें.

गायक रॉबी विल्यम्स हाहि याच शहरचा. १९७४ सालीं जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षीं ‘टेक दॅट’ या गायकमंडळींत शिरला आणि १९९५ पासून एकटा गाऊं लागला. लौकिक जगभर झाला. तरी २०२२ सालीं बर्स्लेमच्या पोर्ट व्हेल संघाच्या मैदानावर येऊन त्यानें आपल्या गांवकऱ्यांसमोर गायन केलें.

गुणी माणसाला सभा भरवून अडवितां येत नाहीं, हें १९४७ नें दाखविलें. आणि जाऊं दिलेला माणूस तुटतोच असें नाहीं, हें १९६१ नें. सर स्टॅन्ली २००० सालीं निवर्तला. त्याची रक्षा स्टोक सिटीच्या मैदानांतील मधल्या वर्तुळाखालीं ठेविली आहे. कुंभारांच्या या शहरानें घडविलेला माणूस अखेर त्याच मातींत विसांवला आहे.