हकीकत कोण सांगतो?
(विभागीय अभ्यास शिबिरातील भाषण)



सकाळपासून आपण वेतन, कामाचे तास आणि शिस्तभंगाच्या चौकशीचे नियम यांवर ऐकले. मला 'कथा-कादंबऱ्या आणि कामगार' असा विषय दिला आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस, साहित्याची चिकित्सा हे माझे काम नव्हे. पण वाचनातून आणि संघटनेच्या कामातून एक गोष्ट ध्यानात आली, तेवढीच सांगतो. हकीकत ज्याच्या डोळ्यांनी सांगितली जाते, त्याच्याकडे ऐकणाऱ्याचे मन ओढले जाते. खरे-खोटे नंतर तपासले जाते, आणि पुष्कळदा तपासले जातच नाही.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. ती 1967 साली आली. त्याआधी कुरुक्षेत्र आपण बहुधा पांडवांच्या बाजूने पाहत होतो. सावंतांनी कर्णाला स्वतः बोलू दिले, कुंती, दुर्योधन, वृषाली यांनाही बोलू दिले. युद्ध तेच, मरणही तेच. पण वाचक उठून कर्णाच्या रथात जाऊन बसला.

दुसरे उदाहरण तर आपल्या रेल्वेचेच आहे. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 साली प्रसिद्ध झाला. त्या नावाच्या कथेतला तरुण गुजरातेत उधना येथे रेल्वेच्या नोकरीवर येतो, जात झाकून सहकाऱ्यांत वावरतो आणि जात कळल्यावर मार खातो. सांगणारा तोच आहे, 'मी'. हीच हकीकत मारणाऱ्यांनी एखाद्या कॅन्टीनमध्ये बसून सांगितली असती, तर 'त्याने आम्हाला फसवले' असा सूर लागला असता, आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी मान डोलावली असती. 'चोरली' हा शब्द मुळात त्यांचा आहे. बागूलांनी तो मार खाणाऱ्याच्या तोंडी घातला, आणि खरा चोर कोण, हे आपल्याला विचार करायला लावले.

पुस्तकाबाहेरही हेच चालते. 8 मे 1974 रोजी रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला आणि 27 मे रोजी तो मागे घ्यावा लागला. सरकारच्या तोंडून ती हकीकत ऐकली तर अडलेला कोळसा आणि धान्य दिसते. क्वार्टरच्या उंबरठ्यावरून ऐकली तर नवरा तुरुंगात, सामान रस्त्यावर आणि पोर कडेवर, अशी बाई दिसते. पहिली हकीकत सांगायला आकाशवाणी होती. दुसरी सांगायला त्या बाईपाशी काय होते?

याची जाण कायद्यालाही आहे. मोठ्या अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. जे खाते गाड्या चालवते, त्यानेच अपघाताची हकीकत सांगू नये, एवढे शहाणपण त्यात आहे.

आता प्रश्न आपल्याकडे येतो. हे शहाणपण संघटनेत आपण पाळतो का? मी पाळले नाही, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका डेपोतल्या आमच्या सभासद सुपरवायझरने तक्रार आणली. ठेकेदाराच्या बायका डबे नीट धूत नाहीत, आणि प्रवाशांची बोलणी आपल्या माणसांना खावी लागतात. मी फलाटावर जाऊन डबे पाहिले. घाण होतीच. त्याच दिवशी प्रशासनाला कडक पत्र लिहिले. ठेकेदाराला दंड झाला आणि त्याने तो बायकांच्या मजुरीतून कापला.

महिन्याभराने त्यांच्यातली एक वयस्कर बाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटले तरी आली नाही. म्हणाली, "साहेब, तुम्ही डबा पाहिला. नळ पाहिला का?"

मी तिच्याबरोबर पिट लाइनवर गेलो. निम्म्याहून अधिक नळ कोरडे होते. बायका लांबून बादल्या भरून आणत आणि गाडी लागायच्या आत सगळे डबे उरकत. नळांबद्दल आमच्या सुपरवायझरने वर कळवलेले होते. मला मात्र त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तो खोटे बोलला नव्हता. आपल्या जागेवरून जे दिसले ते त्याने सांगितले, आणि मीही त्याच जागेवर जाऊन उभा राहिलो. बायका वर्गणीदार नव्हत्या, म्हणून त्यांची हकीकत माझ्या वहीत नव्हती.

पुढे नळ दुरुस्त झाले. कापलेली मजुरी काही परत मिळाली नाही. ठेकेदार बदलला, आणि मागायचे कोणाकडे, हेच कळेना. मला आयुष्यभर लोक साथी म्हणत आले. त्या बाईने साहेब म्हटले, ते मला लागले. पण ती उभी होती तिथून मी साहेबच दिसत होतो.

कोणी म्हणेल, सगळ्यांच्या डोळ्यांनी पाहत बसलो तर बाजू कधी घ्यायची? बाजू घ्यायचीच. त्यासाठीच तर संघटना आहे. पण ज्याचा आवाज आधी कानावर पडला, त्याची बाजू घेणे म्हणजे न्यायाची बाजू घेणे नव्हे.

म्हणून शाखांना माझी एकच सूचना आहे. तक्रार वहीत एक रकाना वाढवा: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचे म्हणणे. तो रकाना भरायला त्या माणसाला ऑफिसात बोलावू नका. तो जिथे काम करतो, तिथे आपण जा. ती बाई आमच्या दाराच्या आत आली नव्हती, हे मी विसरलेलो नाही.



कामगार एकजुटीचा विजय असो!