नव्या बाष्पित्राची जोडणी : घरमालकाने काय पाहावे?

पनागरसारख्या गावात घर उबदार ठेवण्यासाठी कोणी बाष्पित्र बसवीत नाही. जबलपूरच्या आसपासची थंडी दोन-अडीच महिन्यांची. तिला शेगडी आणि रजई पुरते. तरीही बाष्पित्र, म्हणजे आपल्या बोलीतला बॉयलर, या भागाला अपरिचित नाही. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. त्यानंतर सुमारे शतकभर पनागरजवळून कटनीकडे धावणारे प्रत्येक वाफेचे इंजिन म्हणजे चाकांवर बसविलेले एक बाष्पित्रच होते. त्या इंजिनाच्या पाठीवर एक घुमट दिसत असे. तो शोभेसाठी नव्हता. वाफ पाण्याच्या पृष्ठभागापासून शक्य तितक्या उंचावरून घ्यावी, म्हणजे तिच्यासोबत पाणी ओढले जाणार नाही, एवढाच त्याचा हेतू होता. या व्याख्यानाचा विषय वरवर दूरदेशीचा असला, तरी त्याचे मर्म या घुमटात आहे.

गेल्या काही दशकांत अनेक मराठी कुटुंबे अमेरिकेच्या ईशान्य भागात स्थायिक झाली. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, बॉस्टन या परिसरातील जुन्या घरांत अद्यापही वाफेने घर तापविण्याची व्यवस्था आढळते. तळघरात बाष्पित्र, तेथून निघणारे लोखंडी नळ आणि खोल्याखोल्यांतून ओतीव लोखंडाचे रेडिएटर, असे तिचे स्वरूप असते. घर कित्येकदा शंभर वर्षांचे असते. बाष्पित्र मात्र तेवढे टिकत नाही. ते झिजले की नवे बसवावे लागते. कारागीर एक-दोन दिवसांत काम उरकतो, देयक पुढे करतो आणि जातो. बाहेर बर्फ पडत असतो. वाफेशी ज्याचा संबंध स्वयंपाकघरातील कुकरपुरताच आला आहे, अशा घरमालकाला त्या वेळी ठरवावे लागते की, हे काम बरोबर झाले आहे काय? पुढील अनेक हिवाळ्यांतील ऊब, इंधनाचा खर्च आणि काही अंशी घरातील माणसांची सुरक्षितता या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

वाफेच्या धोक्याची जाणीव माणसाला मोठी किंमत देऊन झाली आहे. कलकत्त्यात १८६३ मध्ये एका बाष्पित्राचा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बाष्पित्रांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे संपूर्ण देशासाठी १९२३ चा भारतीय बाष्पित्र अधिनियम आला आणि २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉकटन येथे २० मार्च १९०५ रोजी पादत्राणांच्या एका कारखान्यातील बाष्पित्र फुटले आणि ५८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेनंतर १९०७ मध्ये त्या राज्याने कायदा केला, आणि १९१५ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने बाष्पित्रांची संहिता प्रसिद्ध केली.

घर तापविणाऱ्या बाष्पित्राचा दाब मात्र कारखान्यातील बाष्पित्राच्या मानाने अगदी अल्प असतो. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूजी जातीच्या इंजिनात तो दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोग्रॅमांहून अधिक असे. घरगुती व्यवस्थेत तो किलोग्रॅमाचा दहावा भागही पुरेसा होतो. येथील मुख्य धोका वेगळाच असतो. पाणी नकळत आटते आणि कोरडे बाष्पित्र तापत राहते. दुसरा दोष तितका भयंकर नसला तरी रोजचा असतो. ओली वाफ नळांत शिरते; मग नळ रात्री-अपरात्री हातोडा मारल्यासारखे आदळतात, दूरच्या खोल्या थंड राहतात आणि इंधन वाया जाते.

कोरड्या वाफेला एवढे महत्त्व का, हे आकड्यांवरून कळेल. एक किलोग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० किलोकॅलरी उष्णता लागते; पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ही उष्णता वाफ आपल्यासोबत नेते आणि रेडिएटरमध्ये पुन्हा पाणी होताना खोलीला देऊन टाकते. वाफेबरोबर वाहून गेलेल्या पाण्याच्या थेंबांत ही सुप्त उष्णता नसते. उलट ते थेंब वाटेतच वाफेची उष्णता शोषून घेतात. ओली वाफ म्हणजे वजन पुष्कळ आणि माल थोडा, अशी गाडी होय.

जुनी बाष्पित्रे आकाराने प्रचंड असत. त्यांच्या पोटात पाण्याच्या वर वाफेसाठी प्रशस्त जागा असे आणि वाफ बाहेर पडण्याची तोंडेही रुंद असत. त्यामुळे वाफ संथपणे वर चढे आणि पाणी आतच मागे राही. आजची बाष्पित्रे आटोपशीर आहेत. त्यांत पाणी कमी, वरची जागा लहान आणि तोंडे अरुंद असतात. साहजिकच वाफ वेगाने बाहेर पडते आणि पाण्याचे थेंब सोबत घेऊन निघते. जे काम पूर्वी बाष्पित्राच्या पोटात होत असे, ते आता बाहेरच्या नळांनी करावे लागते. इंजिनाचा घुमट जणू भिंतीबाहेर काढून नळांच्या रूपाने बांधावा लागतो. हे न ओळखता कारागीर जुने यंत्र काढतो, नवे त्या जागी ठेवतो आणि जुने नळ जवळच्या वाटेने त्याला जोडून देतो. बदललेल्या बाष्पित्राच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते.

म्हणून तपासणीचा आरंभ यंत्रापासून न करता त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेपासून करावा. प्रत्येक निर्माता आपल्या बाष्पित्राभोवतीच्या नळांची आकृती आणि मापे तीत देतो. वाफेचे उभे नळ किती, त्यांचा व्यास किती, वरचा आडवा मुख्य नळ किती जाड, हे सर्व तेथे छापलेले असते. ही मापे किमान आहेत; त्यांहून लहान नळ वापरण्याची मुभा कोणालाही नाही. पुस्तिका हाती घेऊन तळघरात उभे राहिले, तर अर्धी तपासणी केवळ डोळ्यांनी आणि मोजपट्टीने होते.

प्रथम उंची मोजावी. बाष्पित्रावरील काचनळीत पाण्याची पातळी दिसते. त्या पातळीपासून वरचा आडवा मुख्य नळ सामान्यतः किमान २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर, उंच असावा लागतो. एवढ्या चढणीत जड थेंब मागे पडतात. हा नळ पातळीला लगटून बसविला असेल, तर काम सदोष समजावे.

त्यानंतर जोडण्यांचा क्रम पाहावा. बाष्पित्रातून वर येणारे उभे नळ प्रथम मुख्य नळाला मिळावेत. त्यांच्या पुढे घराकडे जाणारे नळ निघावेत. आणि सर्वांत शेवटी मुख्य नळाचे टोक खाली वळून परतीच्या मार्गाला मिळावे. घराकडे जाणारा नळ दोन उभ्या नळांच्या मध्ये निघत असेल, तर दोन बाजूंनी आलेली वाफ तेथे एकमेकींवर आदळते आणि खाली उतरू पाहणारे पाणी पुन्हा वर उचलले जाते. क्रम योग्य असेल, तर वाफ वळून घराकडे जाते आणि पाणी आपल्या वेगाने सरळ पुढे जाऊन शेवटच्या उतरत्या नळातून बाष्पित्रात परतते. नळ सरळ रेषेत ताणून न बसविता वळणांनी जोडलेले असावेत. एक मीटर लांबीचा पोलादी नळ वाफेने तापला की सुमारे एक मिलिमीटर लांबतो. त्याला हलण्यास जागा नसेल, तर तो ताण बाष्पित्राच्या ओतीव लोखंडी भागांच्या सांध्यांवर येतो. तांबे पोलादापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक प्रसरण पावते आणि त्याचे सांधे डाख लावून केलेले असतात. म्हणून पाण्याच्या वरच्या बाजूस तांब्याचा मुख्य नळ दिसला, तर तो काटकसरीचा नव्हे, तर उणिवेचा पुरावा मानावा.

टोकाला खाली उतरणारा हा नळ समतोल नळ म्हणून ओळखला जातो. बाष्पित्रातील वाफ आतल्या पाण्याला दाबते. तोच दाब या नळातून परतीच्या बाजूलाही पोहोचतो आणि पाणी परतीच्या नळात मागे ढकलले जात नाही. परतीचा नळ या समतोल नळाला तळाशी न जोडता नेहमीच्या पाणीपातळीच्या खाली दोन ते चार इंचांवर जोडतात. या जोडणीला हार्टफर्ड जोडणी म्हणतात. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या हार्टफर्ड येथील बाष्पित्र तपासणी व विमा कंपनीने १९१९ मध्ये तिचा पुरस्कार केला. जमिनीलगतचा परतीचा नळ गंजून फुटला, तरी पाणी या जोडणीच्या उंचीपर्यंतच उतरते. सगळे वाहून जाऊन बाष्पित्र कोरडे पडत नाही. जोडणी पातळीच्या बरोबरीने किंवा वर घेतली असेल, अथवा तेथील आडवा तुकडा लांब असेल, तर वाफ आणि पाणी तेथे गाठ पडून धडधड ऐकू येते. म्हणून तो तुकडा शक्य तितका आखूड असावा.

चौथा प्रश्न आकाराचा. जुन्या बाष्पित्रावरील आकडा पाहून नवे मागविणे ही सामान्य चूक आहे. वास्तविक घरातील सर्व रेडिएटरांची तापक्षमता मोजून तिची बेरीज करावी लागते. तेथील प्रघातानुसार ही क्षमता चौरस फुटांत सांगतात आणि दर चौरस फुटामागे तासाला २४० ब्रिटिश उष्णता एकके, म्हणजे सुमारे ६० किलोकॅलरी, धरतात. बाष्पित्राच्या पट्टीवर वाफेची क्षमता याच चौरस फुटांत लिहिलेली असते आणि तीत नळांसाठी आवश्यक ती जास्तीची सोय आधीच धरलेली असते. दोन आकडे जवळपास जुळले पाहिजेत. बाष्पित्र फार मोठे असेल, तर ते दाब चढून वारंवार बंद पडते आणि पुन्हा पेटते. लहान असेल, तर शेवटच्या रेडिएटरपर्यंत वाफ पोहोचतच नाही.

जोडणी निर्दोष असूनही काचनळीतील पाणी जोराने खालीवर उसळत असेल, तर तेल हे कारण असू शकते. नळांना आटे पाडताना वापरलेले तेल पाण्यावर तरंगते, फेस करते आणि पाणी वर फेकते. ते तळाच्या तोटीतून निघत नाही. पाणी तापवून, पण वाफ होऊ न देता, पृष्ठभागावरून अगदी मंद धारेने ते कित्येक तास काढावे लागते. हे कंटाळवाणे काम पुष्कळदा राहून जाते. ते केले काय, हे कारागिराला स्पष्ट विचारावे.

आता सुरक्षेची साधने. सुरक्षा-झडप दर चौरस इंचाला १५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम, दाबावर उघडणारी असते. तिच्या आणि बाष्पित्राच्या मध्ये दुसरी कोणतीही तोटी असता कामा नये, आणि तिचा नळ कोणाच्या अंगावर वाफ येणार नाही अशा रीतीने जमिनीकडे वळविलेला असावा. दाब नियंत्रक कमीत कमी दाबावर लावावा. दाब वाढविला की घर लवकर तापेल, हा समज चुकीचा आहे. किलोग्रॅमाच्या दहाव्या भागाएवढा दाब वाढला, तर परतीच्या उभ्या नळात पाणी एक मीटर चढते आणि वाफेच्या वाटा बुडू लागतात. वाफेला वाट करून देण्यासाठी दाबापेक्षा नळांतील हवा बाहेर पडणे अधिक आवश्यक असते. म्हणून मुख्य नळांच्या शेवटी हवा-झडपा आहेत काय, हेही पाहावे. पाणी कमी होताच अग्नी बंद करणारे साधन तर प्रत्यक्ष चालवून दाखविण्यास सांगावे. ज्यात तरंगक असतो, त्या साधनाची खालची तोटी ज्वाला पेटलेली असताना उघडली की ज्वाला विझली पाहिजे.

यानंतरची दक्षता घरमालकाची. बाष्पित्रात वरचेवर नवे पाणी घालावे लागत असेल, तर कोठे तरी गळती आहे. नव्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो आणि लोखंड खाऊन टाकतो. तळघरात एक वही ठेवून पाणी घातल्याची तारीख लिहिली, तर ही गळती वर्षांऐवजी आठवड्यांत लक्षात येते.

या विद्येत दुर्बोध असे काही नाही. ती केवळ विस्मरणात गेली होती. वाफेची व्यवस्था उभारणारी कारागिरांची पिढी निघून गेली आणि तिच्यासोबत अनुभवही गेला. डॅन होलोहन या अमेरिकन लेखकाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच या कलेला ‘हरवलेली’ म्हटले आहे. ती पुन्हा शिकून घेण्याचा मार्ग मात्र अनेक कारागिरांना त्याच ग्रंथाने दाखविला.

कारागिराशी बोलताना घरमालकाने आरोप करू नये आणि संकोचही करू नये. पुस्तिकेतील आकृती पुढे ठेवावी, मापे एकत्र मोजावीत आणि जेथे फरक दिसेल तेथे त्याचे कारण विचारावे. चांगला कारागीर अशा प्रश्नाने दुखावत नाही. आकृतीशी न जुळणारे काम दुरुस्त होईपर्यंत अखेरचा हप्ता थांबविणे हेही न्याय्यच ठरते. वाफेच्या इंजिनावरील चालकाची नजर काचनळीकडे वरचेवर वळे, कारण आपले आणि गाडीतील शेकडो उतारूंचे कुशल त्या बोटभर काचेत दिसते, हे तो जाणून होता. तळघरातील बाष्पित्रामागेही झोपलेले एक कुटुंब असते. महिन्यातून काही मिनिटे त्या काचेकडे पाहणे, एवढे तरी त्या कुटुंबाने स्वतःसाठी करावे.